कंबर वाढली, थायरॉईड मात्र नॉर्मल

प्रश्न : माझं वय ४८, उंची पाच फूट एक इंच. दोन वर्षांत वजन ५८ वरून ६४ किलोवर गेलं आणि सगळी वाढ पोटावर. जुने ब्लाउज खांद्यात बसतात, पण खालचा हूक लागत नाही. पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी पंधरा दिवसांतच. थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच २.८ आलं. तरी जाऊबाई म्हणतात, माझ्या थायरॉईडच्या गोळ्या घेऊन बघ, वजन झटकन उतरेल. तीन महिने रात्रीचं जेवण सोडलंय, सोमवार-गुरुवार उपास करते. एक किलो उतरलं आणि परत चढलं. काय करू?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, आधी गोळीचं सांगते. ती घेऊ नका. २.८ टीएसएच म्हणजे तुमचं थायरॉईड व्यवस्थित चाललंय. गरज नसताना ही गोळी घेतली की छाती धडधडते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि हाडं झिजतात. नेमकं हेच वय हाडं सांभाळायचं. शिवाय ज्यांचं थायरॉईड खरोखर कमी असतं, त्यांचंही त्यापायी वाढलेलं वजन बहुधा दोन-चार किलोच असतं, आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा.

आता पोटाचं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्याआधी काही वर्षं इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक (हार्मोन) वर-खाली होत शेवटी उतरतं. ते भरपूर असतं तोवर बायकांची चरबी मांड्या-नितंबांवर साठते, उतरलं की पोटात, आतड्यांभोवती जमायला लागते. म्हणून खांदे तेच राहिले आणि हूक लागेना. या आतल्या चरबीमुळे इन्सुलिनचं काम बिघडतं, म्हणून मी काट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवते. भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा.

पण सगळं खापर इस्ट्रोजेनवर फोडता येत नाही. 'वय झालं, मेटाबॉलिझम मंदावलं' हे ओपीडीत रोज कानावर येतं. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान आणि स्नायू हिशेबात धरले, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो, असं त्यात दिसलं. घटतात ते स्नायू, आणि घटते ती हालचाल.

इथेच तुमचे उपास नडतात. उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूही जातात आणि परत येते ती बहुतेक चरबी. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. या वयात बायका शिक्षा दिल्यासारखं स्वतःला उपाशी ठेवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या वजनाला दिवसाला ५०-५५ ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन पोळ्या, भाजी आणि पातळ आमटीत ती भरत नाहीत.

सोमवार श्रद्धेने धरला असेल तर जरूर करा, पण खिचडीऐवजी दूध, दही, राजगिरा, मूठभर शेंगदाणे घ्या. गुरुवार वजनासाठी असेल तर सोडा. रात्री आठच्या आत जेवा : एक ज्वारीची भाकरी, मोठी वाटी मटकीची उसळ किंवा दोन अंडी, काकडी. चहाबरोबरची बिस्किटं बंद.

चालणं चांगलंच, पण तेवढ्याने स्नायू परत येत नाहीत. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. बसताना धपकन नाही, तीन अंक मोजत. मिनिटभर थांबून पुन्हा दहा. मग भिंतीला तळवे टेकून कोपरं वाकवायची, आणि लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन खांद्यावरून वर न्यायच्या. आठवड्यातून तीनदा. सोपं वाटायला लागलं की बुटकं स्टूल घ्या.

झोपेचं तुम्ही लिहिलं नाहीत. रात्री घामाने जाग येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते. अशा घामावर इस्ट्रोजेनचे उपचार आहेत, तपासणी करूनच द्यायचे. वजन उतरवायचं औषध मात्र ते नव्हे. आणि पंधरा दिवसांत येणारी पाळी 'वयाचंच आहे' म्हणून सोडू नका. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या.

प्रश्न : वय ५७, पोट सुटलंय. जिमचे ट्रेनर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्या म्हणतात. घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ट्रेनरच्या सांगण्यावरून अजिबात नको. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं संप्रेरक चाळिशीनंतर हळूहळू उतरतं, हे खरं. पण पोटाची चरबीही त्याची पातळी खाली ओढते, आणि कंबर आत आली की बऱ्याच जणांचं आपोआप वर येतं. तुमच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर. थकवा, कामेच्छा कमी होणं अशी लक्षणं असतील तरच तपासणी करा, तीही सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही वेळा कमी आलं तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे जा. इंजेक्शन द्यायचंच ठरलं, तर त्याआधी ते प्रोस्टेट आणि हिमोग्लोबिन बघतील.