एक रुपयाचा फोन

पत्र कोथरूडहून आलंय, थोडक्यात देते.

'माई, 25 वर्षं बंगळुरात काढून गेल्या वर्षी आई-वडिलांकडे परत आलो. 1999 मध्ये पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत माझी मोठी भूमिका होती. प्रयोगाच्या आदल्या दिवशी कुणालाही न सांगता मी नोकरीच्या मुलाखतीसाठी बंगळुरूची गाडी पकडली. माझी वाक्यं एका ज्युनिअरने हातात संहिता धरून म्हटली म्हणे. नाटक सुटलं, मित्र सुटले. आता मुलगी तिच्या कॉलेजकडून पुरुषोत्तमला उतरतेय. "बाबा, येशील ना?" विचारते. स्पर्धा जिथे होते त्या टिळक रस्त्याजवळच्या भरत नाट्य मंदिराच्या बाजूला मी अजून फिरकत नाही. त्या 21 वर्षांच्या पोराला माफ कसं करू?'

तुमचं मूळ पत्र चार पानी, त्यातलं दीड पान रस्त्यांवर. अलका चौकातून सरळ टिळक रस्त्याला लागायचं सोडून तुम्ही शास्त्री रस्त्याने दांडेकर पुलाला वळसा घालता. ट्रॅफिकमुळे, असं घरच्यांना सांगता. पुण्यात हे कारण कुणालाही पटतं, त्यामुळे तुमचं निभावलं.

'पळून गेलो' असं तुम्ही सात वेळा लिहिलंय. मोजलं मी. आणि तिसऱ्या पानावर, जाता जाता, एक ओळ आहे: त्या वर्षी वडिलांच्या कारखान्याला टाळं लागलं होतं आणि धाकट्या बहिणीची फी थकली होती. अहो, ही ओळ पहिल्या पानावर हवी होती! घरात पगार नसताना जो मुलगा मुलाखतीला जातो, त्याला पळपुटा म्हणायला मी तयार नाही. त्या पोराने बहिणीचं शिक्षण केलं, घर सावरलं. त्याला माफी द्यायला तुम्ही कोण? त्याच्याच पगारावर तर मोठे झालात.

त्याची चूक मात्र झाली. गेला ही नव्हे, सांगितलं नाही ही. तेव्हा वाण्याच्या दुकानाबाहेर डबा फोन असायचा, एक रुपयाचं नाणं टाकायचं. 'उद्या मी नाहीये' एवढं सांगितलं असतं तर त्या पोरांना एक रात्र तरी मिळाली असती. महिनाभर रिकाम्या वर्गांत रात्री अकरापर्यंत तालमी केलेली ती पोरं विंगेत तुमची वाट बघत उभी राहिली. तुमच्या मनाला जे टोचतंय ते हेच असावं. नाटक सुटल्याचं दुःख वेगळं, ते असू द्या. ते दोन्ही एका पिशवीत भरून तुम्ही 25 वर्षं फिरलात, म्हणून ओझं एवढं वाटतं.

तर तो फोन आता करा. दिग्दर्शक मित्र पुण्यातच असतो आणि नंबर तुमच्याकडे आहे, हेही तुम्हीच लिहिलंय. व्हॉट्सॲपवर निबंध पाठवू नका. कारखान्याची गोष्ट आधी सांगू नका, ती पुढे केलीत की माफी पातळ होते. 'मी तेव्हा कळवायला हवं होतं' एवढं म्हणा आणि गप्प बसा. तो शिव्या देईल कदाचित. कदाचित हसेल, संहिता हातात धरून उभ्या राहिलेल्या ज्युनिअरचा किस्सा त्या मंडळींनी इतक्या वेळा रंगवला असेल की त्यात तुमचं पात्र विनोदी झालं असण्याची शक्यता आहे. फोन ठेवूनही देईल. तो त्याचा हक्क.

मुलीचा प्रयोग या सगळ्यापासून लांब ठेवा. 1963 पासून नवी नवी पोरं या स्पर्धेत उभी राहतायत. यंदाची पाळी तिची आहे, तुमची नाही. 'मी पण एकदा' ने सुरू होणारं वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. तिने नंतर कधी विचारलं तर सगळं सांगा, वाण्याच्या दुकानासकट.

फोन आधी, प्रयोग नंतर, हा क्रम चुकवू नका. पडदा उघडण्याआधी पोरं 'आवाज कुणाचा' ओरडतील तेव्हा तिच्या कॉलेजचं नाव मोठ्याने घ्या. शेजारच्या काकू वळून बघतील, बघू देत. टिळक रस्त्यानेच जा, आणि रिक्षाने जा. सदाशिव पेठेत गाडी लावायला जागा शोधत बसलात तर पहिला प्रवेश चुकेल, आणि यावेळी ट्रॅफिकचं कारण चालणार नाही.

— माई