डोळ्यात चुना गेलेल्या मुलाला स्टेम सेलचा उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय: पाच वर्षांच्या पुतण्याच्या हातात चुन्याची पुडी फुटली, चार महिने झाले, उजवं बुबुळ पांढरट झालंय आणि त्यावर लाल शिरा चढल्यात. एक डॉक्टर नेत्ररोपण सांगतात, एक क्लिनिक पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेलचं इंजेक्शन. काय करावं?

इंजेक्शन अजिबात नको. चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यात टोचल्यामुळे फ्लोरिडात तीन स्त्रियांची नजर गेली. ती हकीकत २०१७ साली प्रसिद्ध झाली. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसाठी होणारं रोपण वगळता स्टेम सेलचा उपचार फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिकने दर सांगितला असेल तर तिथून उठा.

नुसतं नेत्ररोपणही आत्ता नको, आणि याबद्दल मला जास्त राग येतो. बुबुळाचा वरचा थर सतत झिजतो आणि कडेच्या पट्टीतल्या, म्हणजे लिंबसमधल्या, मूळपेशी (स्टेम सेल) तो भरून काढतात. चुन्याने ती कड जाळली की शेजारच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर सरकतो. अशा डोळ्यात दात्याचं स्वच्छ बुबुळ बसवलं तरी वरचा थर पुरवणारं कोणी नसतं. तेही काही महिन्यांत गढूळ होतं आणि एक नेत्रदान वाया जातं. आधी कड, मग बुबुळ.

कड परत मिळवायला ‘स्लेट’ नावाची शस्त्रक्रिया आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी ती २०१२ साली मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा साधारण २ बाय २ मिलिमीटरचा तुकडा घेतात. जळलेल्या बुबुळावरची साय सोलून काढतात आणि तिथे वारेचं पातळ आवरण, ॲम्निऑन, फायब्रिन ग्लूने, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाच्या गोंदाने, चिकटवतात. तुकड्याचे ८ ते १० बारीक कण करून ते नजरेचा मधला भाग मोकळा ठेवून गोलाकार मांडतात, पुन्हा ग्लू, वर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. कणांतून पेशी पसरतात आणि साधारण दोन आठवड्यांत पृष्ठभाग झाकला जातो.

बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. ॲम्निऑन सिझेरियनच्या वेळी घेतात, दात्या आईच्या एचआयव्ही, कावीळ बी-सी आणि सिफिलिसच्या तपासण्या करून उणे ८० अंशांवर ठेवतात. ते उलटं लागता कामा नये: शोषक स्पंजचं टोक टेकवल्यावर ज्या बाजूने चिकट तार सुटते ती खाली, गुळगुळीत बाजू वर. कणही पालथे पडले तर पेशी पसरत नाहीत. ग्लू जास्त झाला की कण तरंगून निघून जातात. लहान मूल डोळा चोळतं, म्हणून काही सर्जन कणांवर ॲम्निऑनचा दुसरा थर घालतात. मुलाच्या बाबतीत तो घालणार का, हे नक्की विचारा.

‘कडेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तयार केलेला थरच खरा’ असं म्हणणारे अजून भेटतात. इटलीत १९९७ साली ते प्रथम जमलं, २०१० साली ११२ पेशंटमध्ये सुमारे ७७ टक्के यश छापून आलं, २०१५ साली युरोपात त्याला परवानगीही मिळाली. पण त्यासाठी खास निर्जंतुक प्रयोगशाळा आणि प्रचंड खर्च लागतो. स्लेटच्या १२५ डोळ्यांत २०१६ साली ७६ टक्के यश नोंदलं गेलं, तेही एकाच बैठकीत. वाढवलेल्या थरातसुद्धा यश ठरतं ते मूळपेशींच्या प्रमाणावर: ३ टक्क्यांपेक्षा जास्त असल्या तर ७८ टक्के, नाहीतर ११. आपल्याकडे, जिथे चुना पुड्यांतून मुलांच्या हाती पडतो, तिथे स्लेटच पहिली निवड असावी असं माझं ठाम मत आहे. अर्थात दोन्हींचे पेशंट वेगळे होते, त्यामुळे आकड्याला आकडा लावून निकाल देता येणार नाही.

आणखी काही अटी. डोळा अजून लाल, सुजलेला असेल तर थांबा. शांत झाल्याशिवाय कण टिकत नाहीत. पापणी चिकटली असेल, केस आत वळले असतील किंवा डोळा कोरडा असेल तर ते आधी दुरुस्त करावं लागतं. दोन्ही डोळे जळले असते तर नातेवाइकाची किंवा मृत दात्याची कड लागली असती, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही. बुबुळात खोलवर फूल, म्हणजे पांढरट डाग, राहिलं तर थर स्थिर झाल्यावर नेत्ररोपण करता येतं. आणि पाच वर्षांच्या वयात वापरात नसलेला डोळा आळशी होतो, म्हणून बुबुळ साफ झाल्यावर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी, हे शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.