घरची डिशवॉशर पावडर आणि धुरकट ग्लास

प्रश्न: ताई, डिशवॉशरची पावडर घरीच करूया म्हणून मी धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, मीठ आणि सायट्रिक ऍसिड एकत्र करून बरणीत भरलं. पहिले चार-पाच वेळा भांडी मस्त निघाली, मग हळूहळू काचेचे ग्लास धुरकट व्हायला लागले, हाताला खरखरीत लागतात. आणि बरणीतल्या पावडरचा तर दगड झालाय, सुरीने खरवडावी लागते. माझं काय चुकलं? जोडीला भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले तर चालतील का?

उत्तर: थेंबांचं आधी सांगते, कारण ते तुम्ही आजच करून बसाल. नका टाकू. ते लिक्विड फेस व्हावा म्हणूनच बनवलेलं असतं, आणि मशीनमध्ये पाणी जोरात फवारलं जातं, त्यामुळे एवढ्याशा थेंबांचाही इतका फेस होतो की तो दारातून बाहेर येऊ शकतो, आणि आत फेस असला की पाण्याचा जोरच जातो, भांडी तशीच राहतात.

आता दगडाचं. सोडा आणि सायट्रिक ऍसिड एका बरणीत ठेवलं की हवेतला दमटपणा मिळाल्याबरोबर ते आपापसात भिडतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि खाली गोळा उरतो. म्हणजे भांड्यांपर्यंत पोचायच्या आतच दोघांचा जोर अर्धा संपलेला! तरी बहुतेक घरगुती कृतींमध्ये ही जोडी असतेच, का ते मला कधी कळलं नाही.

ग्लासांचं कारण बहुतेक तुमचं पाणी. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम धुण्याच्या सोड्याशी जुळून कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे सोप्या भाषेत खडू, आणि तो काचेवर बसतो. पूर्वी विकतच्या पावडरीत हे कॅल्शियम धरून ठेवायला फॉस्फेट असायचं, पण त्याने नद्या-तळ्यांत शेवाळ माजतं म्हणून युरोपात २०१७ पासून त्यावर कडक मर्यादा आहे आणि आता कंपन्या सायट्रेट वगैरे वापरतात. तुमच्या पावडरीत मीठ आहे, पण ते तिथे काही करत नाही हो. मिठाचं काम मशीनच्या तळाशी वेगळ्या टाकीत असतं, तिथली रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखे बारीक मणी, पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेते आणि मीठ त्या रेझिनला परत ताजं करतं. तुमच्या मशीनला ती टाकी असेल तर डिशवॉशरचंच मीठ भरा, आयोडिनवालं नको.

ग्लास कायमचे गेले की काय हे बघायला कापसावर व्हिनेगर घेऊन एका ग्लासवर चोळा. डाग निघाला तर क्षार होता, सगळे ग्लास व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवा, मोकळे होतील. नाही निघाला तर काच झिजलीय, त्याला उपाय नाही.

पावडर करायचीच असेल तर मी दोन भाग धुण्याचा सोडा आणि एक भाग सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, एवढंच घेईन, दर वेळी एक चमचा, डबा आणि चमचा दोन्ही कोरडे. परकार्बोनेट गरम पाण्यातच नीट चालतं, तेव्हा थंड प्रोग्रॅम लावून चहाचे डाग गेले नाहीत असं म्हणू नका. खाण्याचा सोडा वगळला कारण तो फार सौम्य आहे. सायट्रिक ऍसिड वेगळ्या डब्यात ठेवा आणि मधूनमधून रिकामं मशीन फिरवताना घाला, आत बसलेला क्षार सुटेल. क्लोरीनवाल्या ब्लीचशी मात्र ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. विसळायच्या वेळचं लिक्विड, रिन्स एड, ते विकतचंच घ्या, त्यात काटकसर नको.

एक कबूल करते, चिकटून वाळलेलं अन्न या पावडरने तितकंसं निघत नाही, विकतच्या गोळीत त्यासाठी एन्झाइम असतात आणि ते घरी होत नाहीत. म्हणून फार माखलेली भांडी असतील त्या दिवशी मी सरळ गोळी टाकते. आणि ऍल्युमिनियमची भांडी बाहेरच ठेवा, सोड्याने काळी पडतात, माझं एक पातेलं असंच गेलं.