चांदीचे जुने अमेरिकन डॉलर खरे आहेत का, त्यांचे फोटो कसे काढावेत आणि प्रत कशी ठरवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ओहायोमध्ये एका घरसामानाच्या विक्रीत तुम्ही चांदीचे चार डॉलर घेतले. त्यांवर १८८१, १८८९, १८९० आणि १९२२ ही साले आहेत. ते खरे आहेत का, फोटो कसे काढावेत, आणि विकण्याआधी ते कोणत्या प्रतीचे आहेत हे घरच्या घरी कसे समजावे, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत राहून हीच नाणी गोळा करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक कळकळीची विनंती, की ही नाणी घासू नका. आपल्या घरांत चांदीचे तबक, निरांजन, अत्तरदाणी सणाआधी रांगोळीने किंवा विभूतीने लखलखीत करण्याची सवय असते, आणि त्याच सवयीने मी माझ्याकडचा पहिला डॉलर विभूतीने घासला होता. तो दोन मिनिटे सुंदर दिसला. नंतर भिंगाखाली पाहिले तेव्हा त्यावर एकाच दिशेने गेलेले शेकडो बारीक ओरखडे दिसले, आणि ते कायमचे होते. काळसर किंवा रंगीत थर ही चांदीची नैसर्गिक छटा असते आणि संग्राहक तिला दोष मानत नाहीत. घासलेल्या नाण्याला मात्र प्रमाणन संस्था (शुल्क घेऊन नाणी तपासणाऱ्या आणि त्यांची प्रत ठरवणाऱ्या संस्था) अंकांतील प्रत देतच नाहीत, केवळ ‘साफ केलेले’ असा शेरा देतात.

आता ओळख. पहिली तीन नाणी मॉर्गन डॉलर असणार. इंग्लंडमध्ये जन्मलेले कोरीवकार जॉर्ज टी. मॉर्गन यांनी त्यांचा आराखडा केला. ही नाणी १८७८ ते १९०४ या काळात आणि नंतर पुन्हा १९२१ मध्ये पाडली गेली. चौथे नाणे पीस डॉलर आहे. त्याचे शिल्पकार अँथनी डी फ्रान्चिशी, आणि ते १९२१ ते १९२८ व १९३४-३५ या वर्षांत निघाले. दोन्हींचे मूळ वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, आणि धातू नव्वद टक्के चांदी व दहा टक्के तांबे, म्हणजे प्रत्येकात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी असते.

सालाखालोखाल महत्त्वाचे असते ते टाकसाळीचे चिन्ह. मॉर्गन डॉलरवर ते मागच्या बाजूला, गरुडाखालच्या माळेच्या गाठीच्या लगेच खाली असते. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘सीसी’ म्हणजे नेवाडातील कार्सन सिटी, ‘डी’ म्हणजे डेन्व्हर (फक्त १९२१), आणि काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. पीस डॉलरवर ते मागच्या बाजूस ‘वन’ या शब्दाखाली शोधावे. तुमच्या यादीत १८८१ एस, १८८९ ओ आणि १८९० सीसी अशी चिन्हे आहेत आणि १९२२ वर चिन्ह नाही, म्हणजे या चारही जोड्या प्रत्यक्षात निघालेल्या आहेत. हे तपासणे क्षुल्लक वाटेल, पण पुष्कळ खोटी नाणी येथेच पकडली जातात. कार्सन सिटीत १८८६ ते १८८८ या वर्षांत मॉर्गन डॉलर पाडलेच गेले नाहीत, तरीही ‘१८८७ सीसी’ लिहिलेली नाणी बाजारात हिंडत असतात.

खरेखोटेपणासाठी शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. फार झिजलेले नाणे मूळ वजनापेक्षा काहीसे कमी भरेल, परंतु गरुडाची पिसे, देवीचे केस स्पष्ट दिसत असताना वजन २४ ग्रॅम भरले तर ते नाणे खोटे समजावे. चुंबक चिकटला तरी तेच. त्यानंतर पाण्याची चाचणी करा. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणे दोऱ्याने असे सोडा की ते पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही. काट्यावर सुमारे २.६ ग्रॅम आकडा यायला हवा, कारण या मिश्रधातूची घनता पाण्याच्या १०.३ पटींच्या आसपास आहे. नंतर नाणे मऊ कापडावर ठेवून टिपावे, पुसू नये. कडेचे खाचेदार कंगोरे सलग आणि सारख्या अंतराचे आहेत ना, तेही पाहा. कडेवर फिरणारा सांधा दिसला तर ते ओतीव नाणे आहे. शिवाय अमेरिकी नाणे वरून खाली उलटले की मागची बाजू सरळ येते, आणि डावीकडून उजवीकडे उलटले तर ती उलटी येते. नकला करणारे हेसुद्धा चुकवतात.

फोटो आणि प्रत हे तुम्ही दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले आहेत. माझ्या मते ते एकच कौशल्य आहे, कारण दोन्हींत प्रकाश धातूवरून कसा फिरतो तेच पाहायचे असते. ताजे पाडलेले नाणे ठशाखाली दाबले जाते तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणे दिव्याखाली हळूहळू कलते केले की या रेषांमुळे प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरागरा फिरतात. नाणे व्यवहारात फिरले की या रेषा सर्वांत आधी उंच भागांवर पुसल्या जातात, आणि तिथे तो पट्टा तुटतो. मॉर्गन डॉलरवर हे उंच भाग म्हणजे पुढच्या बाजूवरील स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे व कपाळावरचे केस, गाल, आणि मागे गरुडाची छाती व पंखांची टोके. पीस डॉलरवर कानाजवळचे केस आणि गरुडाच्या पंखाची वरची कड पाहावी.

म्हणून फोटोसाठी खिडकीतला मऊ प्रकाश मी टाळतो. त्यात नाणे देखणे दिसते, पण ओरखडे आणि झीज दोन्ही लपतात, आणि विकत घेणाऱ्याला असा फोटो दाखवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. एकाच प्रकारच्या बल्बचे दोन छोटे टेबलदिवे घ्या आणि नाणे म्हणजे घड्याळाची तबकडी समजून ते दहा आणि दोनच्या जागी, बऱ्यापैकी उंचावर ठेवा. नाणे राखाडी, चमक नसलेल्या कागदावर ठेवा. फोन पुस्तकांच्या दोन चवडींवर आडवा टेकवून नाण्याला अगदी समांतर करा, एक वीतभर किंवा थोडे अधिक अंतर ठेवून दुप्पट झूम करा. फार जवळ नेलात तर फोनची सावली पडते आणि नाणे मध्ये फुगलेले दिसते. फ्लॅश बंद ठेवा, चांदी पांढरीफटक होऊ नये म्हणून उजेड किंचित कमी करा, आणि हात हलू नये यासाठी टायमर लावा. दोन्ही बाजूंचे सरळ फोटो झाल्यावर नाण्याला एका बाजूने काडीपेटीतली काडी टेकवून किंचित कलते करा आणि पुन्हा फोटो घ्या. तो पट्टा गालावरून अखंड जातो की नाही, हे त्या फोटोतच कळते. नाणे नेहमी कडांनीच धरावे.

प्रत ठरवताना वापरतात ती १ ते ७० ही मोजणी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी मांडली. ६० पासून पुढे व्यवहारात न झिजलेली नाणी येतात, ५० ते ५८ मध्ये केवळ उंच भागांवर घासटलेली, आणि खाली उतरत केसांच्या बटा एकमेकींत मिसळत जातात. ६० च्या पुढे मात्र झीज नसतानाही फरक पडतो, कारण ही नाणी टाकसाळीतून हजार-हजारांच्या पोत्यांत भरून निघत आणि एकमेकांवर आपटत. केसांत लपलेला ओरखडा परवडतो. गालाच्या मधोमध असलेला ओरखडा प्रत दोन-तीन अंकांनी खाली आणू शकतो.

तुमच्या १८८९ ओ नाण्याबाबत तुम्ही लिहिले आहे की कानावरचे केस सपाट आहेत, म्हणून ते झिजलेले असावे. घाई करू नका. न्यू ऑर्लिन्सची नाणी बऱ्याचदा कमी दाबाने पाडली गेली, त्यामुळे कानावरचा भाग आणि गरुडाची छाती जन्मतःच सपाट असते. झिजलेला सपाट भाग गुळगुळीत आणि निस्तेज राखाडी दिसतो, तर कमी दाबाच्या सपाट भागावर चकाकी टिकून असते आणि भिंगाखाली धातू जरा खरबरीत दिसतो. याउलट १८८१ एस ही नाणी रेखीवपणासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे केस सपाट असतील तर ती झीजच आहे.

नाणे किती दुर्मीळ आहे हे ठरवताना, किती नाणी पाडली या आकड्यांवर फार विसंबू नये. अमेरिकेच्या १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले, आणि त्यातली बहुतांश चांदी ब्रिटनला विकून भारतातील टाकसाळींत रुपये पाडण्यासाठी पाठवली गेली. आपल्या पणजोबांच्या हातांत खेळलेल्या पंचम जॉर्जच्या रुपयांत मॉर्गन डॉलरची चांदी असू शकते, ही गोष्ट मला आजही हलवून सोडते. कोणत्या सालाची किती नाणी त्या भट्टीत गेली याची नोंद नसल्याने, उरलेल्यांचा अंदाज प्रत्यक्ष बाजारावरूनच करावा लागतो.

१९२२ चे नाणे ५ कोटींहून अधिक संख्येने निघाले. ते अतिशय स्वच्छ नसेल तर प्रमाणनाचा खर्च त्याच्यावर करू नये. १८८१ एस चा गाल खरोखर निर्मळ असेल तरच पाठवावे. १८९० सीसी मात्र मी पीसीजीएस किंवा एनजीसी या प्रमाणन संस्थांकडे नक्की पाठवीन, कारण कार्सन सिटीच्या चिन्हाला मोल असल्याने ते चिन्ह दुसऱ्या टाकसाळीच्या नाण्यावर चिकटवण्याचे प्रकार होतात. दोन्ही ‘सी’च्या बुडाशी भिंगाने पाहा, अक्षर धातूतून वर उठलेले असावे, भोवती बारीक फट किंवा वेगळा रंग नसावा. तोवर नाणी मऊ विनाइलच्या पाकिटांत ठेवू नका, त्यांतून हिरवट चिकट थर चढतो. मायलरची पाकिटे वापरा.

आणि त्याच १८९० सीसीच्या मागच्या बाजूला गरुडाच्या शेपटीपासून खालच्या माळेपर्यंत उतरणारी एक जाड उठावदार रेघ आहे का, तेही बघा. ठशालाच खोलवर चर पडल्यामुळे ती उमटली आहे, आणि संग्राहक त्या नाण्याला ‘टेलबार’ म्हणून साध्या नाण्यापेक्षा बरीच जास्त किंमत देतात. रेघ दिसली तर फक्त शेपटीच्या भागाचा, एकाच दिव्याच्या तिरप्या प्रकाशातला फोटो काढून येथे टाका, मी पाहून सांगेन.