भुताखेतांचे ब्लूज: सुरुवात कुठून?

भुताखेतांची ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं, दुःखाचं गाणं) ऐकायची असतील तर गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनपासून सुरुवात करू नकोस. त्याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा डोक्यात बसली की गाणं कानात शिरतच नाही. (गंमत म्हणजे त्याच्या ‘क्रॉस रोड ब्लूज’ (चौरस्त्याचं गाणं) मध्ये सैतान औषधालाही नाही, तो देवाची करुणा भाकतोय, आणि अंधार पडत आला तरी कुणी गाडी थांबवेना म्हणून घाबरलाय.) आधी ब्लूज गायक स्किप जेम्सचं १९३१ चं ‘डेव्हिल गॉट माय वूमन’ ऐक, तेही हेडफोन लावून. मायनर, म्हणजे उदास छटेच्या सुरात लावलेली गिटार, आणि त्यावर तो उंच, पातळ आवाज. अंगावर काटा येतो! जुन्या रेकॉर्डची खरखर भरपूर आहे, पण ती चालवून घे. मग गायिका बेसी स्मिथचं १९२४ चं ‘हाँटेड हाऊस ब्लूज’. नुसती धमाल हवी असेल तर जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगचं १९३६ चं ‘स्केलेटन इन द क्लोझेट’ लाव.