घराचा स्लॅब कोणाच्या पैशाचा?

"मॅडम, मी फक्त नोकरी केली. मग गावात मान खाली घालून का चालावं लागतं?" मागच्या हिवाळ्यात जळगावला समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून एका मुलाने हे विचारलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र मला नवा नाही. फायनान्स कंपनीची वसुली करणारी मुलंही अगदी असंच विचारतात.

हा अमळनेर तालुक्यातला, घरी कापसाची शेती. इंजिनिअरिंग करून पुण्याला गेला आणि पैसे लावून खेळायच्या मोबाइल गेमच्या कंपनीत तीन वर्षं राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला, कंपनीने खेळ बंद केले, याची नोकरी गेली. गावी परतला तेव्हा कळलं की शेजारच्या काकांनी कापसाचे पैसे त्याच गेममध्ये घालवले होते. काकूंनी ओट्यावरून एवढंच विचारलं, "तुनं काम काय शे, भाऊ?" तेव्हापासून झोप नाही. आडवं झालं की वरचा स्लॅब दिसतो. तो त्याच्याच पगारातून पडलेला.

पहिल्या भेटीत तो म्हणाला, "तेव्हा बंदी नव्हती, वरून सांगितलं ते केलं." अर्ध्या तासाने म्हणाला, "काकांचं घर मीच बुडवलं." मला दोन्ही वाक्यांची सारखीच काळजी वाटली. दोन्हींत त्याने स्वतः नेमकं काय केलं, ते बघायची वेळच येत नव्हती. रात्री जगणं नकोसं वाटतं का, हे मी स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं, तरी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. अशा वेळी मी तो प्रत्येकाला देते.

मग कोरा कागद दिला. तीन वर्षांतली कामं लिही, आणि प्रत्येकापुढे लिही की ते कोणी ठरवलं आणि तुला काय माहीत होतं. लॉगिनचं पान, पैसे काढताना येणारा बिघाड, भाषांतराच्या चुका असं पान भरत गेलं. मग पेन थांबलं. माणूस लागोपाठ हरला की लगेच "आत्ता भरा, बोनस मिळवा" असं दाखवणारी खिडकी त्यानेच बांधली होती. कुठल्या क्षणी दाखवली की जास्त लोक पैसे भरतात, याचे आकडे दर सोमवारी त्याच्यासमोर येत. टीम लीडला एकदा त्याने विचारलं होतं, "हरलेल्यालाच का दाखवायचं?" उत्तर मिळालं, "टार्गेट बघ." त्यानंतर तो काही बोलला नाही. डोक्यावर कर्ज होतं आणि बहिणीचं लग्न तोंडावर होतं.

मी त्याला अमेरिकेतलं एपिक गेम्सचं प्रकरण सांगितलं. 'फोर्टनाइट'मध्ये फसव्या बटणांमुळे नकळत पैसे कापले जातात, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्यापोटी २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत करायचं कंपनीने मान्य केलं. आयोगाच्या म्हणण्यानुसार ग्राहकांच्या दहा लाखांवर तक्रारी तर आल्याच होत्या, शिवाय कर्मचाऱ्यांनीही पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते पुन्हा पुन्हा बोलले. मी एकदाच."

माझं मत मी त्याच्यापासून लपवलं नाही. सातबाऱ्यावर भावाभावांचे हिस्से वेगळे लागतात, तसे इथेही लागतात. ज्याने धंदा ठरवला आणि नफा नेला, त्याचा हिस्सा सर्वांत मोठा. कस्टमर केअरला बसून हरलेल्यांच्या शिव्या खाणाऱ्या मुलीचा हिस्सा मला तरी जवळजवळ दिसत नाही. तिला ना आकडे दिसत, ना तिच्या हाती काही होतं. याच्याकडे थोडं माहीत असणं होतं आणि थोडा हात होता, म्हणून याचा हिस्सा छोटा, पण आहे. कर्ज आणि लग्न खरं होतं. त्या अडचणीने गप्प बसणं समजतं, खिडकी मात्र पुसली जात नाही. हे ऐकून तो रडला, आणि त्या रात्री चार तास झोपला.

चौथ्या भेटीआधी तो काकांकडे जाऊन आला. कंपनीच्या वतीने माफी मागायची नाही, आपल्या हिस्स्याचंच बोलायचं, एवढं आमचं ठरलं होतं. काकांच्या मोबाइलमधला जुना व्यवहार काढून त्याने दाखवलं: इथे तुम्ही तिसऱ्यांदा हरलात, इथे खिडकी आली, ती मी केली होती. काका काही बोलले नाहीत. काकूंनी चहा ठेवला नाही. निघताना त्यांचा दहावीतला मुलगा मागे आला आणि त्याने स्वतःचा मोबाइल पुढे केला. बेकायदा चालणारा दुसरा एक गेम त्यात होता. ओट्याच्या पायरीवर बसून दोघांनी तो काढून टाकला.