नवरा-बायकोने चालवलेली शिडाच्या बोटींची शाळा पन्नास वर्षं टिकल्याचं उदाहरण आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमान नौदलातून निवृत्त झालेत, मांडव्याच्या बाजूला शिडाच्या बोटी शिकवणारी शाळा काढायची म्हणतात, तुमची सगळी नोकरी बँकेत गेली आणि तुम्हाला पोहताही येत नाही. घरचीच अशी शाळा टिकते का, की हौस फिटली की बंद पडते, हा तुमचा प्रश्न.

टिकते. साठ वर्षं टिकलेली एक सांगतो. तिची गोष्ट तुमच्या घराशी बऱ्यापैकी जुळते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑफशोर सेलिंग स्कूल. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह कोलगेट या माणसाने ती सुरू केली. 2014 मध्ये तिचा सुवर्णमहोत्सव झाला, 2024 मध्ये साठ पूर्ण झाली. (आडनाव वाचून टूथपेस्ट आठवली असेल तर ती बाजूला ठेवा.) जागा होती सिटी आयलंड. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागाला चिकटलेलं हे एवढंसं बेट, पण शिडाच्या बोटींच्या जगात त्याचा दरारा होता. अमेरिका कप ही शिडाच्या बोटींची सगळ्यात नावाजलेली शर्यत, ती जिंकणाऱ्या बोटी तिथल्या मिनेफर्ड यार्डात बांधल्या जात. 1964 चा कप राखणारी 'कॉन्स्टेलेशन' तिथलीच, 1967 ची 'इंट्रेपिड'ही तिथलीच. स्टीव्ह स्वतः त्याच वर्तुळातला. अमेरिका कपच्या मोहिमांत तो होता, समुद्रातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती त्याने केल्या होत्या.

तेव्हा अमेरिकेत शीड हाताळायला शिकायचं म्हणजे बापाला क्लबाचं सदस्यत्व असावं लागे आणि शिकणाऱ्याचं वय आठ-दहा असावं लागे. तिशी-पस्तिशीतल्या नोकरदार माणसाला 'मला शिकायचंय' म्हणून जायला जागाच फारशा नव्हत्या. मेरीलँडमध्ये जेरी वूड यांनी 1959 मध्ये अ‍ॅनापोलिस सेलिंग स्कूल काढून ही वाट पाडली होती, स्टीव्हने तीच न्यूयॉर्कच्या दारात आणली. मोठ्यांसाठी, पैसे घेऊन, ठरलेल्या अभ्यासक्रमाने. इथवर ही तुमच्या यजमानांची गोष्ट आहे.

आता तुमची. डोरिस नावाची तरुणी बोटींच्या एका मासिकात काम करत होती. साठच्या दशकाच्या शेवटी ती शीड हाताळायला शिकली, या शाळेत कामाला लागली आणि पुढे स्टीव्हशी तिचं लग्न झालं. स्टीव्ह शिकवायचा, पुस्तकं लिहायचा, शर्यतींना जायचा. शाळा चालवायला घेतली डोरिसने. जाहिरात, हिशेब, कोणता तळ उघडायचा, कोणता मिटवायचा, शिकवणारी माणसं कशी निवडायची, हे सगळं तिच्याकडे आलं आणि पुढची कित्येक दशकं ती शाळेची मुख्य कार्यकारी अधिकारी राहिली. 1990 मध्ये तिने बायकांसाठी नॅशनल विमेन्स सेलिंग असोसिएशन काढली. नवऱ्याबरोबर बोटीवर आलेल्या बाईच्या हाती सँडविचचा डबा येतो, सुकाणू येत नाही, हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती.

माझं मत विचाराल तर शाळा टिकली ती डोरिसमुळे. स्टीव्हचं श्रेय कमी करत नाही. पण उत्तम दर्यावर्दी जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक वाईट शिक्षक असतात. आपल्याला काही येत नव्हतं तेव्हा डोक्यात काय गोंधळ होता, हे ते विसरलेले असतात. डोरिस मोठेपणी शिकली होती. तिला ते आठवत असणार.

हे मी ऐकीव सांगत नाही. मुंबईत एका छोट्या क्लबात मी रविवारी शिकवायला मदत करतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला की नवशिक्याला सुकाणूवर बसवतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे वळते. कागदावर हे सगळ्यांना कळतं. पाण्यावर माणूस बरोबर उलटं करतो, बोट वाऱ्याच्या तोंडात जाऊन उभी राहते, शीड फडफडायला लागतं, आणि त्या आवाजानेच त्याचं उरलंसुरलं भान जातं. आमचे एक जुनेजाणते शिक्षक अशा वेळी 'अहो, वारा बघा, वारा!' म्हणून ओरडतात आणि दांडा स्वतःच्या हातात घेतात. बोट सुटते, शिकणारा मात्र होता तिथेच राहतो.

दुसऱ्या एक बाई आहेत, चाळिशीत शिकलेल्या. त्या वाऱ्याचं नावच काढत नाहीत. पुढच्या शिडाला दोन्ही बाजूंनी लोकरीचा एकेक धागा चिकटवलेला असतो, तो दाखवतात. 'या बाजूचा फडफडला की दांडा या बाजूला, त्या बाजूचा फडफडला की त्या बाजूला. दोन्ही सरळ मागे उडत असले की काही करू नका, गप्प बसा.' बस, एवढंच. नवशिक्या अर्धा तास त्या धाग्यांकडे टक लावून बसतो आणि नकळत वाऱ्याच्या अगदी कडेने बोट नेऊ लागतो. वारा म्हणजे काय ते नंतर. त्यांच्या हाताखालून गेलेले लोक पुढच्या रविवारी परत येतात, हे मी नुसतं नोंदवून ठेवतो.

टिकण्याचं दुसरं कारण बोट. ऑफशोरने बरीच वर्षं सोलिंग वापरली. यान लिंगे या नॉर्वेच्या आरेखकाची ही बोट, आठ मीटरांहून थोडी लांब, 1972 ते 2000 ऑलिम्पिकमध्ये असलेली. पुढे नव्वदच्या दशकात स्टीव्हने जिम टेलर या आरेखकाला हाताशी धरून शिकवण्यासाठी म्हणूनच एक बोट करून घेतली, कोलगेट 26. मोठा, मोकळा कॉकपिट (बोटीत बसायची उघडी जागा), म्हणजे शिक्षक आणि चार विद्यार्थी एकमेकांच्या पायात न येता बसतील, आणि आत तरंगणारं भरण असं की पाणी भरलं तरी बुडू नये. एका शिक्षकामागे चारच्या वर विद्यार्थी नाहीत, हा त्यांचा नियम. गंमत अशी की अ‍ॅनापोलिसच्या वूडनीही हेच केलं होतं, स्पार्कमन अँड स्टीफन्स या नामांकित कंपनीकडून चोवीस फुटी 'रेनबो' करून घेतली होती. फ्रान्समध्येही तेच झालं, त्याकडे येतोच. यजमान नौदलातले म्हणजे त्यांची नजर एखाद्या देखण्या, चपळ शर्यतीच्या बोटीवर जाईल. जाऊ देऊ नका.

फ्रान्सची गोष्ट वेगळ्या वळणाची, आणि मला जास्त आवडणारी. तिचं नाव ले ग्लेनाँ. फिलिप आणि एलेन व्हियानी हे जोडपं नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये चोरून 'देफाँस द ला फ्राँस' हे वर्तमानपत्र काढत असे. सॉर्बोन विद्यापीठाच्या तळघरात ते छापलं जायचं आणि 1944 च्या सुरुवातीला एका अंकाच्या साडेचार लाख प्रती निघाल्या होत्या. आपल्याकडे बेचाळीसच्या चळवळीतली बुलेटिनं आठवा, त्याच जातीचं काम. युद्ध संपल्यावर छळछावण्यांतून आणि भूमिगत जगण्यातून परतलेल्या तरुणांना परत माणसांत आणायला काहीतरी हवं होतं. 1947 मध्ये या दोघांनी ब्रिटनीच्या किनाऱ्यापासून काही मैल आत असलेल्या ग्लेनाँ बेटांवर त्यांना नेलं. तंबू, पडके वाडे, काही जुन्या होड्या. विश्रांतीची जागा बघता बघता शाळा झाली आणि पुढे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या शाळांत तिची गणना होऊ लागली. 2022 मध्ये तिने पंचाहत्तरी गाठली.

इथेही तीच वाटणी दिसते. फिलिप कल्पनांचा माणूस. पत्रकारितेची शाळा काढ, नियतकालिकात लक्ष घाल, असं त्याचं चालू असायचं. ग्लेनाँचा रोजचा गाडा ओढला एलेनने, 1979 पर्यंत ती तिथली सरचिटणीस होती. बोटीचं म्हणाल तर पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना हजारोंना परवडेल अशी होडी हवी होती. झाँ-झाक एर्ब्यूलो याने प्लायवूडच्या सरळ तुकड्यांतून 'व्होरियाँ' बेतून दिली. दोन सायकलींच्या किमतीत होडी, असं तिच्याबद्दल बोललं जायचं. ती फ्रान्सभर पसरली, मग देशाबाहेर गेली.

ऑफशोर आणि ग्लेनाँ यांत मोठा फरक मालकीचा. कोलगेटांची शाळा हा त्यांचा धंदा होता आणि राहिला. व्हियानींनी आपली शाळा नफा न घेणाऱ्या संस्थेच्या हवाली केली. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक, बऱ्याचदा कालचेच विद्यार्थी. स्वयंपाक, भांडी, शिडाला ठिगळ लावणं, बोटीचा तळ खरवडणं, सगळं विद्यार्थ्यांनी करायचं. तुम्ही धंदा म्हणूनच काढा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ग्लेनाँची ही एक सवय उचला. आपल्याकडे फी भरली की बोट धुणं हे 'माणसांचं' काम होतं. दोन खलाशी पगारी ठेवलेत की तुमचे विद्यार्थी कायम प्रवासीच राहणार.

वादळांचं सांगायला हवं, कारण तिथे तुमची बँक कामाला येईल. ऑफशोरचं मुख्य ठाणं पुढे फ्लोरिडात फोर्ट मायर्सला गेलं. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळाने ब्रिटिश व्हर्जिन बेटांची दाणादाण उडवली, तिथल्या टॉर्टोला बेटावर त्यांचा तळ होता. 28 सप्टेंबर 2022 ला इयान वादळ जिथे जमिनीवर आलं ती जागा त्यांचा तळ असलेल्या फ्लोरिडातल्या कॅप्टिव्हा बेटाच्या अगदी शेजारची. तरी शाळा चालू राहिली, कारण तळ एकाहून जास्त होते. तुमच्याकडे इयानएवढं वादळ क्वचितच येईल, पावसाळा मात्र दरवर्षी येणार. जून ते सप्टेंबर बोटी वर ओढून ताडपत्रीखाली, गेटवे-मांडवा लाँच बंद, मच्छीमारांवर 1 जून ते 31 जुलै सरकारी बंदी. कोळी मंडळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात तेव्हा कुठे दर्या मोकळा होतो, आणि छोट्या शिडांना तेव्हाही घाई करू नये. म्हणजे चार महिने जमा शून्य. शिक्षकांचे पगार, जागेचं भाडं आणि विम्याचा हप्ता मात्र चालू. हे गणित आठ महिन्यांच्या फीत बसतं का ते आधी कागदावर मांडा. यजमानांना मांडायला सांगू नका.

आपल्याकडे माणसांची वानवा आहे असं कोणी म्हणेल तर ऐकू नका. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'सुहैली' मुंबईत बांधलेली सागवानी बोट. लष्कराच्या इंजिनिअर्सची 'तृष्णा' 1985 मध्ये मुंबईहून निघून 1987 मध्ये जगाला वळसा घालून परतली. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले, त्यांची 'म्हादेई' आणि नंतर नौदलातल्या सहा जणींना जगभर फिरवून आणणारी 'तारिणी' या दोन्ही गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधल्या. पण या सगळ्यात वाट गणवेशातून जाते. ठाण्यातल्या एखाद्या सीए बाईला शनिवारी सकाळी शिकायचं असेल तर जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. 1964 मध्ये न्यूयॉर्कला जी उणीव होती ती इथे अजून बरीचशी तशीच आहे, म्हणून मला तुमचा बेत वेडेपणाचा वाटत नाही.

पुढची पिढी शाळा चालवेल का, याची चिंता आत्ता करू नका. कोलगेटांची साठ वर्षं मुख्यतः त्या दोघांच्याच खांद्यावर गेली आणि व्हियानींनी वारसाचा प्रश्नच ठेवला नाही.

मेरीटाइम बोर्डाच्या परवानग्या, लाइफ जॅकेट, सोबतीला इंजिनाची बोट, हे यजमानांना माहीत असेलच, त्यावर वेगळं लिहीत नाही. तुम्ही मात्र या हिवाळ्यात पोहायला शिका आणि मग शीडही शिका, शाळा उघडण्याआधी. फक्त यजमानांकडून नको, दुसऱ्या कोणाकडे तरी जा. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या कुठल्याही मैत्रिणीला विचारा, ती कारण सांगेल.